नक्कल हुबेहूब असली, तरी ओढ अस्सलाचीच का?

सोयगाव : अजिंठा लेणी पाहायला येणाऱ्याला सोयगाव तालुक्यातील फर्दापूर टी-पॉइंटवर आपले वाहन सोडावे लागते. तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर अंतर बसने कापायचे. याच टी-पॉइंटजवळ जपानच्या अर्थसाह्यातून भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले आणि २०१३ मध्ये खुले झाले. चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे साकारण्यात आल्या. पुढे वीज व पाण्याची देयके थकली आणि २०१८ मध्ये केंद्राला टाळे लागले.

थकलेली देयके हे झाले तात्कालिक कारण. या केंद्राच्या निमित्ताने एक जुना प्रश्न मात्र पुन्हा समोर येतो. प्रतिकृतीत उजेड भरपूर देता येतो, चित्राच्या अगदी जवळ जाता येते, डोंगर चढण्याचा त्रास वाचतो. तरीही मुंबई-पुण्याहून आलेला माणूस पायऱ्या चढून, चपला बाहेर काढून, मंद प्रकाशातील पद्मपाणीसमोरच उभा राहू इच्छितो. डोळ्यांना जवळपास तेच दिसणार असेल, तर अस्सलाचा हा आग्रह कशासाठी?

मोटारींचे उदाहरण

जुन्या मोटारींच्या संग्राहकांच्या जगात या प्रश्नाचे उत्तर रोकडे मिळते. १९५५ मध्ये अवघ्या दोनच बनलेल्या ‘मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर’ कूपेपैकी एक २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. तशीच दिसणारी, तितकीच वेगवान, किंबहुना अधिक सुरक्षित गाडी कुशल कारागीर आजही घडवू शकतील. मात्र तिला या रकमेचा अल्पसा अंशही मिळणार नाही. संग्राहक आधी पाहतो तो चॅसी क्रमांक, मग इंजिन क्रमांक, आणि दोन्ही कारखान्याच्या नोंदींशी जुळतात की नाही ते. मूळ रंगाचा थर, जुनी शिवण, झिजलेले पायदान यांचीही तो किंमत मोजतो. गाडी दहा वेळा नव्यासारखी करता येते. मूळ अवस्थेत मात्र ती एकदाच असते.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ ही खास नोंदणी मिळते, ती चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसतील तरच. म्हणजे अस्सलपणाची कसोटी कायद्यानेही मान्य केली आहे.

जळून गेलेल्या नकला

अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास फर्दापूरच्या केंद्राहून पुष्कळ जुना आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि ही लेणी बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. १८४४ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या आदेशावरून रॉबर्ट गिल याने चित्रांच्या नकला करण्यास आरंभ केला. जवळजवळ वीस वर्षे तो या कामात गुंतला होता. गिल आणि पारो यांची कथा याच तालुक्यातील पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांच्या लेखनातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. गिलची चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाली.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार या चमूत होते. त्याही नकलांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. जपानी चित्रकार अराई कानपो यांनी घेतलेल्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत लागलेल्या आगीने गिळल्या. दीड हजार वर्षे ओल, वटवाघळे आणि धूर सोसून मूळ चित्रे भिंतीवर उभी होती. सुरक्षित इमारतींत ठेवलेल्या नकला मात्र काही दशकांतच राख झाल्या.

मुळात काय असते, जे नकलेत नसते?

नक्कल करणारा जे पाहतो आणि जे त्याला महत्त्वाचे वाटते, तेच उतरवतो. मूळ वस्तूत मात्र त्याच्या लक्षात न आलेलेही सर्व काही शिल्लक असते. अस्सलाच्या मोलाचे मर्म येथेच आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालनिर्णयासाठी आयुष्य वेचले. बहुतेक महायान लेणी वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोजक्या वर्षांत कोरली गेली, असे त्यांनी मांडले. या मांडणीसाठी त्यांनी चित्रे तर पाहिलीच. शिवाय दरवाजांच्या बिजागरीसाठी केलेल्या खाचा, अर्धवट सोडलेले खांब, दिव्यांच्या काजळीचे थर असे बारकावे तपासले. काजळीचा डाग एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराला अडचणच वाटला असणार. पुढच्या संशोधकाला तोच पुरावा वाटला. लेण्यात दिवे लागत होते, म्हणजे तेथे पूजा होत होती, हे त्या डागाने सांगितले.

रंगांचेही तसेच. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, शेण, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर पांढरा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले गेले. तांबडा व पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळणारे. निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द हा दगड मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून आलेला मानला जातो. तंतोतंत तोच निळा रंग प्रतिकृतीत उतरवता येईल. पण पाचव्या शतकात व्यापाऱ्यांचे तांडे कुठून कुठवर जात होते, याची साक्ष त्या नव्या रंगाला देता येणार नाही.

अस्सल जपताना झालेल्या चुका

मुळाच्या ओढीने मुळाचेच नुकसान झाल्याचेही दाखले आहेत. नक्कल करताना चित्र उजळ दिसावे म्हणून भिंतीवर व्हार्निश चढवले गेले आणि काळाच्या ओघात ते पिवळे-काळे पडले. १९२० मध्ये निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांचा सुटलेला गिलावा घट्ट करून घेतला. त्या वेळी वापरलेल्या लाखेनेही पुढे चित्रे झाकोळली. हे थर उतरवण्याचे नाजूक काम स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. आज फ्लॅशला बंदी आहे. तरीही प्रेक्षकांचा श्वास, घाम आणि गर्दीने वाढणारी आर्द्रता हा धोका उरतोच.

प्रतिकृतीचे खरे काम सुरू होते ते येथे. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे प्रेक्षकांच्या श्वासाने बिघडू लागल्यावर ती गुहा १९६३ मध्ये बंद करण्यात आली. जवळच तिची प्रतिकृती १९८३ मध्ये खुली झाली आणि लोक ती आनंदाने पाहू लागले, कारण मूळ गुहेचे दार बंद होते. फर्दापूरला परिस्थिती निराळी होती. चार किलोमीटरवर अस्सल लेणी खुली असताना प्रतिकृतीने तिच्याशी स्पर्धा करावी, ही अपेक्षाच अवघड. गर्दीच्या दिवसांत भार हलका करणे आणि लेण्यात शिरण्यापूर्वी चित्रांतील कथा समजावणे, ही जबाबदारी मात्र ती पेलू शकते.

शेवटी एक विरोधाभास उरतो. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या बचावलेल्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपल्या जातात. भिंतीवरून पुढे गळून पडलेला काही भाग त्यांत टिपलेला असल्याने अभ्यासक आता त्यांच्याकडेच पुरावा म्हणून पाहतात. मूळ हरवले, की नकलेलाच मुळाचे मोल येते. तशी वेळ अजिंठ्यातील उरलेल्या चित्रांवर येऊ नये, यासाठीच फर्दापूरच्या प्रतिकृतींचा उपयोग व्हायला हवा.