चित्रकार पुरातत्त्वज्ञ वाकणकर

विष्णू श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) यांचा जन्म नीमच येथे मराठी कुटुंबात झाला, कर्मभूमी उज्जैन. पेशाने ते चित्रकार. पुरातत्त्वातले त्यांचे मोठे काम चित्रकाराच्या याच हातातून उतरले.

भोपाळजवळच्या भीमबेटकाची नोंद किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये केली होती, पण ऐकीव माहितीवर आणि बौद्ध स्थळ म्हणून. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे तिथल्या चित्रांकडे कोणी अभ्यासक वळला नाही. आगगाडीतून दिसलेल्या खडकांनी वाकणकरांचे लक्ष वेधले, असे सांगतात. १९५७ मध्ये त्यांनी तिथले शैलाश्रय शोधले आणि चित्रांच्या नकला करायला घेतल्या. नक्कल करणाऱ्याला प्रत्येक रेघ कुठून सुरू झाली हे पाहावेच लागते. त्यामुळे कोणता रंग कोणत्या रंगावर चढला आहे हे त्यांच्या ध्यानात आले. या थरांवरून आणि शैलीवरून त्यांनी चित्रांचे कालखंड पाडले. शिकारीची दृश्ये जुनी, घोडेस्वार आणि तलवारी ऐतिहासिक काळातल्या. अर्थात वरचा रंग नंतरचा, एवढेच अशा वाचनातून ठरते. वर्षे मोजायला उत्खनन लागते. तेही त्यांनी केले. भीमबेटकात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. खानदेशातल्या पाटणे येथे अशा अंड्याचे कोरीव कवचही मिळाले आहे. शहामृग एके काळी या भूमीवर होता, याचा हा पुरावा.

१९६४ मध्ये त्यांनी कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासह लिहिलेला शैलचित्रांवरचा ग्रंथ येल विद्यापीठाने छापला. १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. भीमबेटका २००३ मध्ये जागतिक वारसा ठरले.

चित्रकाराने शास्त्रात पाऊल टाकल्याचे दुसरे ठळक उदाहरण डेन्मार्कचे गेरहार्ड हायलमान. पक्ष्यांच्या उत्पत्तीवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये इंग्रजीत आला. त्यातली चित्रे गाजली. डायनोसॉरना जत्रुकास्थी नसतात, म्हणून पक्षी त्यांच्यापासून आलेले नाहीत, हे अनुमान मात्र पुढे मोडीत निघाले. पुरेसे जीवाश्म तेव्हा हाती नव्हते.

रंगांचे थर वाचण्याची वाकणकरांची पद्धतही सगळीकडे चालत नाही; मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरच्या कातळशिल्पांपुढे ती तोकडी पडते. 'बाहुल्यांचा सडा' म्हणून ओळखली जाणारी ही कातळशिल्पे जांभ्यात कोरलेली आहेत. तिथे रंगच नाही, मग थर कुठून येणार? कोकणातल्या इतर कातळशिल्पांसह हे स्थळ २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाले. या शिल्पांचा काळ ठरवण्याचे काम अजून चालू आहे.