तीन वाद्यांची साक्ष

मी सतार शिकते, म्हणून असेल, पण माझी नजर चेहऱ्याआधी हातांवर गेली. मी काबुकी या जपानी नाट्यप्रकाराच्या एका प्रयोगाचं चित्रीकरण पाहत होते. आकोया नावाच्या गणिकेला चौकशीसाठी आणलं आहे. तिचा प्रियकर कागेकियो पराभूत हेइके पक्षाचा योद्धा, तो कुठे दडला आहे हे तिला ठाऊक नाही. पण विश्वास कोण ठेवणार? न्यायाधीश शिगेतादा चाबूक उगारत नाही. तिच्यापुढे कोतो, शामिसेन आणि कोक्यू ही तीन तंतुवाद्यं ठेवतो आणि वाजवायला सांगतो. मनात खोट असेल तर सूर हलेल.

इथे नटाला वाजवण्याचं सोंग करून भागत नाही. तीनही वाद्यं त्याने स्वतः, अंगावर गणिकेचा जडशीळ पोशाख सांभाळत, वाजवायची असतात. कोतोसाठी बोटांत नख्या, शामिसेनला रुंद पट्टीसारखी नखी, कोक्यूला गज. गज एका रेषेत राहतो, तार बदलताना वाद्यच फिरवावं लागतं. आणि वाजवता वाजवता डोळ्यांत प्रियकराची आठवण दिसली पाहिजे. मला सतारीवर एक मींड घेताना चेहरा सैल ठेवणं जमत नाही!

ही आकोया म्हणजे पाचवे बांदो तामासाबुरो. स्त्रीपार्टी नटाला जपानीत ओन्नागाता म्हणतात. १६२९ साली सरकारने बायकांना रंगभूमीवर बंदी केली, आणि त्यातून ही कला वाढली. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. खांदे मागे आणि खाली ओढायचे, गुडघे जुळवायचे, पावलं आत वळवायची. तामासाबुरो उंच आहेत, म्हणून त्यांना पोशाखाखाली गुडघे सतत वाकवून वावरावं लागतं.

काबुकी हा घराण्यांचा कारभार. इचिकावा दानजुरो हे नाव सतराव्या शतकापासून चालत आलंय, २०२२मध्ये तेरावे दानजुरो झाले. तामासाबुरो मात्र १९५० साली काबुकी घराण्याबाहेर जन्मले. तान्हेपणी पोलिओ झाला, पायांत बळ यावं म्हणून नाच सुरू झाला. सातव्या वर्षी पहिल्यांदा रंगमंचावर आले आणि १९६४मध्ये चौदावे मोरिता कान्या यांनी त्यांना दत्तक घेऊन हे नाव दिलं. मोरिता घराणं जुन्या एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरातल्या परवानाधारक नाट्यगृहांपैकी एकाचं मालक होतं. थोडक्यात, घराणं टिकतं ते केवळ रक्तावर नव्हे, शिकवण्यावरही. पुढे १९६९मध्ये लेखक युकिओ मिशिमा यांनी आपल्या नाटकात राजकन्येची भूमिका याच कोवळ्या नटाला दिली. २०१२ साली जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं.

आकोया त्यांनी पहिल्यांदा १९९७मध्ये केली. त्यानंतर दोन दशकं ती दुसऱ्या कुणी केलीच नाही, कारण तीन वाद्यं हाती असलेला दुसरा ओन्नागाता उभा राहिला नव्हता. मग २०१८च्या डिसेंबरात, टोकियोच्या काबुकीझा नाट्यगृहात, नाकामुरा बाइशी आणि नाकामुरा कोतारो या दोन तरुण नटांनी आळीपाळीने ही भूमिका केली.

त्या प्रयोगांत तामासाबुरो विंगेत बसले नव्हते. आकोयाला दटावणाऱ्या इवानागा या खलनायकाची भूमिका त्यांनी घेतली. कळसूत्री बाहुलीसारखे हातपाय हलवत ते रंगमंचावर आले, आणि दोन हातांच्या अंतरावर आकोया होऊन बसलेल्या तरुणाच्या तारा ऐकत राहिले.