अमित पाऊस आणि त्याचं माप

पळसदरी बोरघाटाच्या पायथ्याशी आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या मुलखातल्या पावसाला आकडाच नाही. कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा, असं तो ग्रंथ सांगतो. त्या मापाला तो ‘वर्षमान’ म्हणतो. शेतीच्या प्रकरणात जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशाला 16 द्रोण, अवंतीला 23 द्रोण पाऊस दिला आहे. अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा पाऊस मात्र ‘अमित’. हवामानाचे संस्कृत समास कवींनी घडवले असं आपण धरून चालतो. माझ्या मते त्यांतले टिकलेले समास मोजणाऱ्यांचे आहेत. ‘वर्षमान’मधलं वर्ष म्हणजे पाऊस, साल हा अर्थ त्यातूनच आला. ‘मान’ आणि ‘मित’ दोन्ही ‘मा’ या मोजण्याच्या धातूचे. पर्जन्यमान, तापमान ही त्याच घरातली. ‘जलद’, ‘पयोधर’ यांचं काय, असं कोणी विचारेल. ढग काय करतो हे ते नेमकं सांगतात, पण किती, ते सांगत नाहीत. म्हणून ते काव्यातच राहिले. ‘हवामान’ तर अर्धं अरबी, हाही आक्षेप येईल. पण फारसीमार्गे आलेल्या हवेलाही मराठीने ‘मान’च जोडलं, हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

‘अमित’ म्हणजे मोजणाऱ्यांनी हात टेकले, असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. ते आकडे कोणत्या प्रदेशात पेरणीला किती पाऊस मिळतो हे ठरवण्यासाठी होते. जिथे तुटवड्याची चिंता नाही तिथे आकडा कशाला? अरबी समुद्रावरचे वारे बोरघाटावर चढतात, थंड होतात, बाष्प सांडतं. पळसदरीहून रेल्वेने जेमतेम 90 किलोमीटरवरच्या पुण्यात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, इकडे कर्जतच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. पुण्याकडच्या भागासाठी इंग्रजीवरून बेतलेला ‘पर्जन्यछाया’ हा समास देखणा आहे, पण अर्धाच खरा: डोंगर पाऊस नुसता अडवत नाही, पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते.

‘अतिवृष्टी’त माप दडलेलं आहे, पण ‘अति’ कशाच्या तुलनेत? महाराष्ट्रात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. जुलैत पळसदरीच्या भातखाचरांना तेवढा पाऊस नेहमीचाच, लावणीला हवाच असलेला; मराठवाड्यात तेवढ्यातच सोयाबीन पाण्याखाली जाऊ शकतं. पंचनाम्याला एकच आकडा सोयीचा, हे मान्य. पण प्रदेशागणिक वेगळं माप ठेवण्याची रीत अर्थशास्त्रातच आहे, आणि ती इथे जास्त शास्त्रीय ठरते.