इंग्लंडमधल्या चर्चच्या लग्नाचे फोटो इतके निवांत कसे दिसतात? जाणून घ्या पडद्यामागचं गणित

इन्स्टाग्रामवर असे फोटो हमखास दिसतात. दगडी चर्चच्या दारातून हसत बाहेर येणारी जोडी, अंगावर पडणाऱ्या फुलांच्या पाकळ्या आणि मग एखाद्या जुन्या हवेलीच्या हिरवळीवर हातात ग्लास घेऊन गप्पा मारणारे पाहुणे. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुणी पोज देत नाही. सगळं कसं आपोआप टिपलं गेल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्षात त्या दिवशी एक माणूस सतत घड्याळाकडे बघत असतो, तो म्हणजे फोटोग्राफर. लग्नातल्या मोठ्या क्षणांपैकी एकही क्षण पुन्हा करून दाखवता येत नाही. तरीही प्रत्येक क्षणाच्या आड कॅमेरा आला, तर ज्यांचं लग्न आहे त्यांनाच ते नीट अनुभवता येत नाही. हा तोल कसा साधला जातो, ते समजून घेऊया.

दिवस असतो तरी कसा?

इंग्लंडमधलं उन्हाळी लग्न साधारण एका ठरावीक साच्यात चालतं. दुपारी १ किंवा २ वाजता गावच्या चर्चमध्ये विधी. तो पाऊण ते एक तास चालतो. मग सगळं वऱ्हाड जवळच्या 'कंट्री हाऊस हॉटेल'कडे निघतं. पूर्वीच्या जमीनदारांचे वाडे आणि त्यांच्याभोवतीच्या बागा म्हणजे आजची ही हॉटेलं.

तिथे आधी हिरवळीवर पेयं आणि गप्पा, मग बसून जेवण. हे जेवण दुपारी चार-साडेचारला असलं, तरी त्याला म्हणतात 'वेडिंग ब्रेकफास्ट'. त्यानंतर किंवा त्याआधी नवरीचे वडील, नवरा आणि बेस्ट मॅन यांची भाषणं. संध्याकाळी केक आणि जोडप्याचा पहिला नाच. वसई किंवा गोव्यातलं ख्रिस्ती लग्न पाहिलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार चर्चमधलं लग्न सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेतच लावता येतं. म्हणजे मुख्य विधी दिवसाउजेडीच होतो. पण चर्चच्या आत दिवसाही अंधारच असतो आणि फोटोग्राफरची पहिली अडचण तिथेच सुरू होते.

चर्चमध्ये शब्द कुणाचा चालतो?

आपल्याकडे अनेक लग्नांत फोटोग्राफर स्टेजवर असतो, हार घालताना 'एक मिनिट, इकडे बघा' म्हणतो आणि भटजीही थांबतात. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये हे चालत नाही. तिथे कॅमेरा कुठे उभा राहणार आणि मुळात चालणार की नाही, हे त्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे व्हिकर ठरवतात.

त्यांच्या दृष्टीने ही प्रार्थना असते. विधीच्या सुरुवातीला व्हिकर जमलेल्यांना विचारतात की, हे लग्न कायद्याने होऊ शकत नाही असं काही कारण कुणाला माहीत आहे का? त्यानंतर काही क्षण पूर्ण शांतता असते. त्या शांततेत शटरचा एक 'खटक' आवाजही सगळ्या चर्चला ऐकू जातो. म्हणून फ्लॅश नको, शपथा चालू असताना हालचाल नको, एकाच जागी उभं राहा, अशा अटी नेहमीच्या आहेत. यावरून फोटोग्राफर आणि व्हिकर यांच्यात खटकेही उडतात.

मुरलेला फोटोग्राफर हा वाद लग्नाच्या दिवसावर ठेवत नाही. तो आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला किंवा विधीच्या अर्धा तास आधी व्हिकरना भेटतो आणि उभं राहायची जागा विचारून घेतो. बाजूच्या खांबाजवळ जागा मिळाली, तर नवरीचा चेहरा दिसतो. पार मागे उभं राहावं लागलं, तर लांब पल्ल्याची लेन्स काढावी लागते. जोडपं शपथा घेताना व्हिकरकडे तोंड करून उभं राहणार की एकमेकांकडे, हे आधीच विचारणंही महत्त्वाचं. एकमेकांकडे वळले, तर मागूनही दोघांचे चेहरे मिळतात.

फ्लॅश नाही, मग फोटो निघतो कसा?

इंग्लंडमधली जुनी चर्चेस साधारणपणे पूर्व-पश्चिम बांधलेली असतात आणि वेदी पूर्वेला असते. वेदीमागे बहुतेक वेळा मोठी रंगीत काचेची खिडकी असते. म्हणजे जोडपं उभं असतं तिथे पाठीमागे लख्ख उजेड आणि चेहऱ्यावर अंधार. कॅमेरा ऑटोवर सोडला, तर तो खिडकी बघून फसतो आणि माणसं काळी येतात.

म्हणून फोटोग्राफर चेहऱ्याचा उजेड धरून सेटिंग स्वतः ठरवतो. एफ २.८ किंवा त्याहून उघडणारी लेन्स, आयएसओ १६०० ते ६४००, आणि चालणारी माणसं हलू नयेत म्हणून शटर सेकंदाच्या किमान १२५ व्या भागाइतका. आता मिररलेस कॅमेऱ्यांमुळे बिनआवाजाचं शटर मिळतं. मात्र चर्चमध्ये एलईडी दिवे असतील, तर या शटरमुळे फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. त्यामुळे एक चाचणी फोटो आधीच काढून बघावा लागतो.

नवरी आत येते तेव्हा हातात जेमतेम अर्धा मिनिट असतं. तेवढ्यात वडिलांच्या हाताला धरून येणारी नवरी, मागच्या करवल्या आणि तिला बघणारा नवरा, एवढं सगळं टिपायचं. म्हणूनच दोन कॅमेरे, आणि प्रत्येकात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवण्याची सोय. एक कार्ड खराब झालं, तरी लग्न हातचं जात नाही.

सह्यांचा फोटो का बदलला?

चर्चच्या लग्नात पूर्वी एक फोटो ठरलेला असायचा. मोठ्या रजिस्टरवर सही करणारं जोडपं. १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नं अशा वह्यांमध्ये नोंदवली जात होती. ४ मे २०२१ पासून ही पद्धत बदलली. आता जोडपं, दोन साक्षीदार आणि व्हिकर एका कागदावर सह्या करतात, तो कागद नोंदणी कार्यालयात जातो आणि नोंद संगणकावर होते. याच बदलामुळे नोंदीत वडिलांच्या बरोबरीने आईचं नावही येऊ लागलं.

सहीचा फोटो आजही काढतात, पण कागदावरचा मजकूर वाचता येणार नाही अशा कोनातून. कारण त्यावर जोडप्याचा पत्ता, व्यवसाय, आईवडिलांची नावं असतात. असा फोटो सोशल मीडियावर टाकणं म्हणजे घरची माहिती चव्हाट्यावर मांडणं.

पाकळ्या आणि ग्रुप फोटो

आपल्याकडच्या अक्षतांसारखंच तिथे चर्चबाहेर 'कन्फेटी' उधळतात. अनेक चर्चेस फक्त सुकवलेल्या पाकळ्यांना परवानगी देतात, काही तेवढ्यालाही नाही. कागदी तुकडे उचलायला त्रास होतो हे त्याचं एक कारण. फोटोत हा प्रसंग उत्स्फूर्त वाटतो, पण त्याआधी कुणीतरी पाहुण्यांच्या दोन रांगा लावलेल्या असतात आणि जोडप्याला 'सावकाश चाला' असं सांगितलेलं असतं.

निवांत दिवसाचा खरा शत्रू म्हणजे ग्रुप फोटो. एका ग्रुपला दोन-तीन मिनिटं लागतात. आठ-दहा ग्रुप असले, तर २५ मिनिटं. यादी २५ ग्रुपची झाली, की तासभर जातो आणि पाहुण्यांबरोबरचा मोकळा वेळ त्यातच संपतो. म्हणून यादी आधीच छोटी करून घेतात. आजी-आजोबा आणि लहान मुलांचे फोटो सर्वांत आधी काढतात. नावं पुकारायला दोन्हीकडच्या नातेवाइकांना ओळखणारा एकेक माणूस नेमतात.

सूर्य रात्री नऊनंतर मावळतो तेव्हा

जूनमध्ये मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये २१ जूनला तो साधारण ९ वाजून २० मिनिटांनी मावळतो. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे सूर्य सर्वांत वर येतो तो दुपारी १ च्या आसपास. म्हणजे लग्न लागून सगळे बाहेर येतात तेव्हा ऊन अगदी कडक असतं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, पांढरा गाऊन भगभगीत आणि सगळ्यांचे डोळे बारीक.

यावरचा उपाय साधा आहे. ग्रुप फोटो झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत घ्यायचे. ऊन-सावलीची जाळी पडते ती जागा टाळायची, नाहीतर चेहऱ्यांवर ठिपके दिसतात. आभाळ भरून आलं तर फोटोग्राफर मनातून खूशच होतो, कारण ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. पाऊस आलाच तर हॉटेलचा जिना, मोठ्या खिडकीजवळची खोली, पोर्च या जागा त्याने सकाळीच हेरून ठेवलेल्या असतात.

जोडप्याचे खास फोटो मात्र रात्री साडेआठ-नऊला. तिथे सूर्य मुंबईपेक्षा तिरक्या वाटेने मावळतो, त्यामुळे ते कोवळं सोनेरी ऊन जास्त वेळ टिकतं. जेवण आणि नाच यांच्या मध्ये १५ मिनिटं बाहेर गेलं तरी पुरतं. अनेकदा दिवसभरात फक्त दोघांना मिळालेला निवांत वेळ तेवढाच असतो.

पाहुण्यांनी मोबाईल खिशात का ठेवायचा?

हल्ली बरीच जोडपी 'अनप्लग्ड' लग्न ठरवतात. विधीपुरते मोबाईल बंद, असं व्हिकरच सुरुवातीला सांगतात. कारण नवरी येताना दोन्ही बाजूंनी हात पुढे आले, की फोटोत चेहऱ्यांऐवजी स्क्रीनच दिसतात. मोबाईलमागचे मामा आणि डोळे पुसणारे मामा यांत कोणता फोटो वीस वर्षांनी बघावासा वाटेल? शिवाय जोडप्याआधी त्यांच्या लग्नाचा फोटो आपण पोस्ट न करणं हा साधा शिष्टाचार आहे.

फोटो नेमके कुणाचे?

ब्रिटनमध्ये १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे जोडप्याने दिले, तरी फोटोंचा कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. जोडप्याला ते वापरण्याची परवानगी मिळते. पण त्याच कायद्याचं कलम ८५ सांगतं की, खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर येऊ न देण्याचा हक्क ते काढून घेणाऱ्याकडे असतो.

भारतात उलटं आहे. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन फोटो काढून घेणारा माणूसच पहिला मालक ठरतो. दोन्ही देशांत करार मात्र चित्र बदलू शकतो. 'प्रसिद्धीसाठी फोटो वापरू' अशी ओळ करारात असेल आणि खाली आपली सही असेल, तर नंतर तक्रार करणं अवघड जातं.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं लग्न असं ठरत असेल, तर फोटोग्राफरला तीन गोष्टी आधी विचारा. व्हिकरशी बोलणं झालं आहे का? ग्रुप फोटोंना किती वेळ धरला आहे? आणि फोटो कुठे कुठे वापरले जाणार आहेत? याची उत्तरं आधी मिळाली, तर लग्नाच्या दिवशी तुम्हाला कॅमेऱ्याची आठवणही फारशी येणार नाही.