मुलगा वाळवंटी गावी शिकायला निघाला

गेल्या आठवड्यात एक बाई मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. बारावीनंतर त्याला जोधपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. ‘तिथे म्हणे घामच येत नाही?’ घाम येतो, पण कोरड्या हवेत तो क्षणात सुकतो. आपल्या कोकणात सदरा चिंब होतो, म्हणून अंगातले पाणी गेल्याचे कळते. तिथे कळत नाही. तेव्हा तहानेवर विसंबू नये. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर भर दुपारी क्रिकेट नको (हे मी मुलाकडे बघून म्हटले). त्याच भागातल्या फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदले गेले होते.

बाईंनी तापाच्या गोळ्या भरपूर बांधून दिल्या होत्या. पण उन्हात अंग तापून मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, लगेच इस्पितळ गाठावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. हे खोलीतल्या सोबत्यालाही सांगून ठेवावे, कारण रोग्याला स्वतःचे कळत नाही.

स्वेटर मात्र बाईंनी घरीच ठेवायचे ठरवले होते. तो बॅगेत भरायला सांगितले. जानेवारीत तिथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो.