आधी बघा, मग बोला

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भावे यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, आणि आजही दर 5 नोव्हेंबरला भावे गौरव पदकाच्या निमित्ताने शहरात नाटकाच्या गप्पा रंगतात. खेळ सुटला की कट्ट्यावर उभं राहून नटाचं माप काढायचं, ही इथल्या माणसांची जुनी खोड. आमच्या घरातले पुरुषही त्यात मागे नाहीत. बायकांचं मत मात्र भांड्यांच्या आवाजात विरून जायचं. "पिक्चर कैसा था?" असं कुणी विचारलंच, तर "अच्छा था" एवढ्यावर विषय संपायचा.

विश्रामबाग हा सांगली आणि मिरजेच्या मधला भाग. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही महाविद्यालयं इथंच असल्याने शिकणाऱ्या मुला-मुलींची वर्दळ असते. आमच्या गल्लीत आपली 10-12 घरं आहेत. गेल्या वर्षी एका वलीम्यात जेवणं आटोपल्यावर 'हलाल' या मराठी चित्रपटावरून वाद पेटला. कुणी म्हणालं, आपल्या मजहबची बदनामी आहे. कुणी म्हणालं, खरं तेच दाखवलंय. आवाज चढले. मग एका मुलीने, बारावीत शिकते ती, सहज विचारलं, "तुमच्यापैकी बघितलाय कुणी?" सगळे गप्प. मोबाईलवर आलेले संदेश सगळ्यांनी वाचले होते, चित्रपट एकानेही बघितला नव्हता.

तिथून आमचा शनिवार सुरू झाला. महिन्यातून एकदा, इशाच्या नमाजनंतर, एकीच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर सतरंजी. नियम दोनच. ज्याने पूर्ण बघितला त्यानेच बोलायचं, आणि बोलायची सुरुवात सर्वांत लहान व्यक्तीने करायची. हा दुसरा नियम आम्ही वर्गातून उचलला. वर्गात हुशार मुलगा आधी बोलला की बाकीचे त्याचंच उत्तर फिरवून सांगतात. घरात मोठ्यांच्या बाबतीत तेच होतं.

पहिला अर्थातच 'हलाल'. राजन खान यांच्या कथेवरचा हा चित्रपट शिवाजी लोटन पाटील यांनी केला. 'धग'साठी 2012 सालचा उत्कृष्ट दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते हेच. 'हलाल' चित्रपटगृहात आला 6 ऑक्टोबर 2017 ला, म्हणजे शायरा बानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने. वातावरण तापलेलं होतं, त्यामुळे न बघता बोलणाऱ्यांना तरी किती दोष द्यायचा! बघून झाल्यावर ती बारावीची मुलगी म्हणाली, "हलीमचं काय करायचं ते सगळं गाव ठरवतंय. हलीमला काय हवंय, हे कुणी विचारतच नाही." आम्ही वर्गात इतकं नेमकं रसग्रहण फार कमी वेळा ऐकलं आहे. एका चाचींना शेवट पटला नाही. दुसरीने प्रश्न केला की असं ठरवून केलेलं लग्न दीनमध्ये बसतं का. तेव्हा हदीस निघाली. आपसात ठरवून हलाला करणारा आणि ज्याच्यासाठी केला जातो तो, या दोघांवरही रसूलुल्लाह (स.) यांनी लानत केली आहे. हे खोलीतल्या निम्म्या जणींना पहिल्यांदा कळलं. बदनामीची चर्चा पुढे झालीच नाही.

एक खाला सिनेमा बघत नाहीत. त्यांच्या मते ते जायज नाही, आणि त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. त्या येतात, स्वयंपाकघरात बसून लसूण सोलतात आणि चर्चेच्या वेळी दारात येऊन उभ्या राहतात. नियमाप्रमाणे त्यांना बोलता येत नाही. त्या रात्री निघताना मात्र चप्पल घालता घालता म्हणाल्या, "मैं तो देखी नहीं, पन सुनी. गाव आपलाच वाटला."

दुसऱ्यांदा 'गर्म हवा' लावला. एम. एस. सथ्यू यांचा, आग्र्यातल्या सलीम मिर्झांच्या घराण्याचा. मूळ कथा इस्मत चुगताईंची, लेखन कैफी आझमी आणि शमा जैदी यांचं. सेन्सॉरने काही महिने अडवून ठेवला होता, नंतर त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. बलराज साहनींनी सलीम मिर्झा उभा केला, आणि चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, एप्रिल 1973 मध्ये ते गेले.

मुलं कंटाळतील असं वाटलं होतं. पण हवेली सोडायची वेळ येते आणि म्हातारी दादी सरपणाच्या खोलीत लपून बसते, तिथं सगळे सरसावून बसले. आमच्यात पंचाऐंशी ओलांडलेल्या एक नानी आहेत. त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. नंतर म्हणाल्या, त्यांची थोरली बहीण लग्न करून कराचीला गेली. पत्रं यायची, 1965 च्या लढाईनंतर बंद झाली. "वो गई, मैं इधरच रही. मेरेकू कोई पूछा नहीं, जाना है क्या. पूछते तो भी नहीं जाती." घरच्यांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. त्यांची सून आमच्याकडे बघत राहिली.

तरुणांचं लक्ष दुसरीकडेच होतं. सलीम मिर्झा भाड्याचं घर शोधत फिरतात, ते बघून नवीन लग्न झालेला एक मुलगा म्हणाला की हे जुनं नाही, हे मागच्या दिवाळीतलं आहे. नोकरी चांगली, पगाराची पावती हातात. एजंट मराठीत मस्त गप्पा मारत होता, फ्लॅटही आवडला. मग नाव विचारलं. "कळवतो" म्हणाला, त्यानंतर फोन उचलला नाही. असे चार फ्लॅट झाले. त्याने हे आईलाही सांगितलं नव्हतं, कारण ती गावात सगळ्यांना सांगत होती की पोराला अजून फ्लॅट पसंत पडेना.

त्यावरून गाडी पडद्यावरच्या मुसलमानांवर आली. हिंदीत आपण एक तर नवाब, नाही तर कव्वाल, आणि आता बऱ्याचदा बंदूकवाला. मराठीत आलो की 'हमकू-तुमकू' करणारा, लोकांना हसवायला ठेवलेला. सकाळी दूध आणणारा, पोरांना मराठी शाळेत सोडणारा, सोसायटीच्या पाण्यावरून भांडणारा माणूस कुठं आहे? एकाने 'सैराट'मधल्या सलीमचं नाव घेतलं. तो परश्याचा दोस्त आहे, बाकीच्यांसारखंच बोलतो आणि त्याच्या नावाचा कुणी मुद्दा करत नाही. हे उदाहरण सगळ्यांना पटलं. आम्हाला अजून दुसरं तितकं चांगलं सुचलेलं नाही.

तिसरा 'सीक्रेट सुपरस्टार', 2017 चाच. वडोदऱ्याची इन्सिया बुरखा घालून गाणं म्हणते आणि ते इंटरनेटवर टाकते. मुलींना गाणी तोंडपाठ होती. झायरा वसीमने 2019 मध्ये चित्रपट सोडले, तिने बरोबर केलं की चूक, यावर त्यांची जोरदार जुंपली. एक म्हणाली, दीनसाठी सोडलं. दुसरी म्हणाली, तिचा निर्णय आहे, तो बरोबर ठरवणाऱ्या आपण कोण आणि चूक ठरवणाऱ्या तरी कोण. आम्ही मध्ये पडलो नाही.

एरवी गप्प बसणारी एक सून त्या दिवशी बोलली. लग्नाला 11 वर्षं झाली, दोन मुलं. ती म्हणाली, "आई हार विकून मुलीला लॅपटॉप घेते, ते खरं वाटलं. पण विमानतळावर तलाकच्या कागदावर सही करून निघून जाते, ते खोटं वाटलं. जाणार कुठं ती? तिच्या हातात काय होतं?" तिची सासू शेजारीच होती. मारझोडीचं घर नाही ते, कुणी तसा अर्थ काढू नये. पण प्रश्न खोलीत तसाच राहिला. मग कुणीतरी विचारलं, हार तरी तिचा होता का, आणि मेहर? आपल्यापैकी कुणी आपला निकाहनामा वाचलाय? 14 जणी होत्या. दोघींनी हात वर केला. बाकीच्यांनी सही केली होती, वाचला नव्हता. बहुतेकींचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं आणि निकाहनामा उर्दूत.

पुढच्या शनिवारी 'नसीम' लावायचा होता, सईद मिर्झांचा, ज्यात कैफी आझमी आजोबा झाले आहेत. तो राहून गेला. सहा जणी प्लास्टिकच्या पिशवीत निकाहनामे घेऊन आल्या. आम्ही चष्मा पुसून एकेक वाचू लागलो. मेहरच्या रकान्यात एक शब्द येतो, तो देवनागरीत लिहिला तर 'मुअज्जल' असाच दिसतो. उर्दूत मात्र शब्द दोन आहेत. ऐनने लिहिला तर मेहर मागितल्याक्षणी द्यायचा. हमजा-वावने लिहिला तर पुढे कधी तरी, ठरल्याप्रमाणे. एका अक्षराचा फरक. तिघींच्या कागदावर हमजा होता, दोघींच्या कागदावर काही लिहिलंच नव्हतं.

त्या सुनेचा कागद शेवटी आला. घड्या पडून अक्षरं पुसट झाली होती, दिव्याखाली धरावा लागला. ऐन होता.

सासूबाईंनी चष्मा मागून घेतला. त्यांना उर्दू वाचता येतं. बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिल्या, मग कागद घडी घालून सुनेच्या हातात दिला.

"म्हणजे 11 वर्षं आमच्याकडे बाकी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या तेरे मियाँ से बात करती."

खाला लसणाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. यावर बोलायला नियम आडवा येतो का, असं त्यांनी विचारलं.