जुन्या फिती आणि नवी यंत्रे

अठराव्या शतकात कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांना जी पत्रे धाडली जात, त्यांच्या एकाहून अधिक प्रती करून त्या निरनिराळ्या जहाजांवर चढविण्यात येत. एखादे जहाज बुडाले तरी दुसऱ्यावरील प्रत मुक्कामी पोहोचावी, हा त्यामागील हेतू. १७४८ ते १८०० या काळातील हा पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागाराने पुढे २१ खंडांत प्रसिद्ध केला. ती पत्रे वाचण्यास डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नाही. संगणकातील माहितीची राखीव प्रत चुंबकीय फितीवर घेतली, की ही सोय संपते; फितीबरोबर ती वाचणारे यंत्रही जपावे लागते.

येथे मोडीचे उदाहरण आठवते. फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरीचा कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला गेला, तो मोडी खिळ्यांत. कागद टिकला, अक्षरेही पुसली गेली नाहीत. आज विरळ झाले आहेत ते मोडी वाचणारे.

‘एल. टी. ओ.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फितींची पहिली पिढी २००० साली बाजारात आली. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट माहिती मावे. २०१७ च्या आठव्या पिढीत हाच आकडा १२ टेराबाइट, म्हणजे एकशेवीसपट झाला. फितीची रुंदी मात्र अर्धा इंचच राहिली. पहिल्या पिढीत त्या रुंदीत ३८४ मार्गिका होत्या, आठवीत ६,६५६. इतक्या अरुंद मार्गिकेवरून वाचकशीर्ष ढळू नये म्हणून फितीच्या संपूर्ण लांबीवर मार्गदर्शक खुणांचे पाच पट्टे कारखान्यातच उमटविलेले असतात. फीत कोरी करण्याच्या हेतूने ती प्रबळ चुंबकाखाली धरली, तर माहितीबरोबर या खुणाही नाहीशा होतात आणि कार्ट्रिज कायमचे निकामी होते, कारण वापरणाऱ्याच्या ड्राइव्हला त्या खुणा पुन्हा उमटविता येत नाहीत. फीत पुन्हा वापरावयाची असेल, तर ती ड्राइव्हमध्ये घालून तीवर नव्याने लिहिणे हाच मार्ग होय. एकदाच लिहिण्यासाठी बनविलेल्या कार्ट्रिजांना अर्थातच तोही उपलब्ध नाही.

सातव्या पिढीपर्यंत नियम सुटसुटीत होता: ड्राइव्हने मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचाव्यात आणि मागील एका पिढीच्या फितीवर लिहावेही. म्हणजे पाचव्या पिढीच्या ड्राइव्हमध्ये चौथीची फीत लिहिता येते, तिसरीची केवळ वाचता येते आणि दुसरीची मुळीच चालत नाही. ड्राइव्ह नवा असला म्हणून जुन्या फितीची क्षमता वाढत नाही. चौथ्या पिढीची फीत पाचव्या ड्राइव्हमध्येही ८०० गिगाबाइटचीच राहते. उलट दिशेचा प्रवास तर संभवतच नाही. जुन्या ड्राइव्हला नव्या पिढीची फीत वाचता येत नाही.

आठव्या पिढीत वाचकशीर्षाचे तंत्र बदलले आणि हा नियम मोडला. तिचा ड्राइव्ह सातव्या पिढीची फीत वाचतो व लिहितो, सहावीची वाचू शकत नाही. त्याच वेळी एक चमत्कारिक सवलत आली. सातव्या पिढीचे अगदी कोरे कार्ट्रिज आठव्या ड्राइव्हमध्ये ६ ऐवजी ९ टेराबाइटचे करून घेता येते. ही सवलत वाटते तितकी स्वस्त नाही, कारण असे कार्ट्रिज पुढे सातवा ड्राइव्ह वाचत नाही आणि नववाही वाचत नाही. काटकसरीपायी ज्या कचेरीने आपल्या नोंदी अशा फितींवर ठेवल्या असतील, तिला आठव्या पिढीचा ड्राइव्ह चालू स्थितीत राखणे किंवा तो बंद पडण्यापूर्वी सर्व मजकूर अन्यत्र उतरवून घेणे, एवढेच दोन पर्याय उरतात.

२०२५ साली आलेल्या दहाव्या पिढीच्या ड्राइव्हमध्ये तर मागील कोणत्याही पिढीची फीत चालत नाही.